भोजनमेजावरील फुलदाणी : डहाणू-तलासरी परिसरातील गृहसजावटीचा सामाजिक इतिहास

प्रास्ताविक

जेवणाच्या मेजावर लहान लहान फुलदाण्यांत ताजी फुले ठेवण्याची पद्धत आज मध्यमवर्गीय घरांपासून उपाहारगृहांपर्यंत सर्वत्र आढळते. ही पद्धत 'पाश्चात्त्यांचे अनुकरण' या एका शब्दात निकालात काढली जाते व इतिहासाचे अभ्यासक तिच्याकडे वळत नाहीत. वस्तुतः घरातील वस्तूंची मांडणी ही समाजरचनेची नोंदच असते. कोण कोठे बसतो, कोण वाढतो, कोण पाणी भरतो या प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांपेक्षा मेज, पाट आणि पत्रावळ यांच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे मिळतात. प्रस्तुत लेखात पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात भोजनमेजावरील फुलदाणीचा विचार केला आहे. पारशी-इराणी बागायतदारांचे बंगले, मराठी कुटुंबांची पंगत आणि वारली कुटुंबाची कुडाची झोपडी ही तीन भिन्न भोजनविश्वे येथे काही मैलांच्या अंतरात नांदत आली. त्यामुळे हा परिसर अशा अभ्यासास विशेष अनुकूल आहे.

प्रथम भूगोलाविषयी एक खुलासा. आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. तलासरी हा पूर्वीच्या उंबरगाव तालुक्याचा भाग. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले व तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. संजाण, उदवाडा, बोर्डी, घोलवड, झरी ही गावे आज दोन राज्यांत विभागली असली, तरी त्यांचा सामाजिक इतिहास एकच आहे.

घट, चौक आणि पंगत

पाण्याने भरलेल्या पात्रात पाने-फुले ठेवण्याची कल्पना भारतास नवी नाही. सांची व अमरावती येथील शिल्पांत कमळांनी भरलेला पूर्णघट वारंवार कोरलेला आढळतो. आंब्याचे डहाळे लावलेला कलश मराठी घरातील प्रत्येक मंगलकार्यात असतोच. डहाणू-तलासरीतील वारली समाजात लग्नाच्या वेळी सवासिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक 'लिहितात' (वारली बोलीत चित्र काढत नाहीत, लिहितात), त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. या देवीच्या नावाचा अर्थ अभ्यासक पाल्याने भरलेला, ओसंडून वाहणारा घट असा लावतात. म्हणजे येथील सर्वांत जुन्या रहिवाशांच्या विवाहविधीच्या केंद्रस्थानीही वनस्पतींनी भरलेले भांडेच आहे.

मात्र हे सर्व घट देवतेपुढे, दारात वा भिंतीवर आहेत, जेवणाऱ्यांच्या मध्ये नाहीत. मराठी पंगतीत सजावट असते ती प्रत्येक पानाभोवती. पाट, पानाभोवती रांगोळीची महिरप, बाजूला उदबत्ती, आणि केळवण वा डोहाळजेवण असेल तर महिरपीत फुलांच्या पाकळ्या. जेवण आटोपले की जमीन सारवली वा पुसली जाते आणि महिरप नाहीशी होते. पंगतीला सामाईक मध्यबिंदू नसतो. असते ती रांग, आणि रांगेत कोणाला बसता येईल याचे कडक नियम. पंगतीचे गुणगान करताना हे नियम विसरता येणार नाहीत. मेजाने विषमता आणली आणि पंगतीत समता होती, असे मानणे इतिहासास धरून होणार नाही.

वारली कुटुंबाचे जेवण याहून साधे. सारवलेली जमीन, पळसाच्या पानांची पत्रावळ, पाण्यासाठी दुधी भोपळ्याचा तुंबा. तेथे अन्नाभोवती सजावट करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण अन्न हेच दैवत आहे. कणसरी ही धान्याची देवी, आणि धान्य घरी येण्याचे विधी हाच या समाजातील मोठा उत्सव.

पारशी घरातील दोन मेजे

डहाणू परिसराशी पारशी समाजाचे नाते शतकानुशतकांचे आहे. बहमन कैकोबाद याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या 'किस्सा-इ-संजाण' या फारसी काव्यानुसार, संजाणच्या पाडावानंतर पवित्र अग्नी बहरोटच्या डोंगरात बारा वर्षे लपवून ठेवण्यात आला होता. हा डोंगर, ज्यास स्थानिक लोक बारड म्हणतात, बोर्डीच्या पूर्वेस याच परिसरात आहे. तोच अग्नी पुढे वांसदा, नवसारी असा प्रवास करीत १७४२ मध्ये उदवाड्यास स्थिरावला.

पारशी घरात फुलदाण्या मांडलेले मेज दोन प्रकारचे असते, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे. पहिले मेज पितरांचे. वर्षाच्या अखेरच्या दहा दिवसांत, शहेनशाही पंचांगाप्रमाणे ऑगस्ट महिन्यात, मुक्ताद पाळला जातो. घरातील वा अग्यारीतील स्वच्छ केलेल्या जागी बहुधा संगमरवरी पृष्ठाचे मेज मांडतात व त्यावर चांदीच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या लहान पात्रांत गुलाब, निशिगंध इत्यादी फुले ठेवतात. दिवंगत व्यक्तीच्या नावाने ठेवलेल्या या पात्रास बेहरा म्हणतात. पाणी आणि फुले नियमाने बदलली जातात, शेजारी दिवा तेवत असतो, फळे व अन्नही ठेवले जाते. जीवनजी जमशेदजी मोदी यांनी पारशी धर्मविधींवरील १९२२ च्या आपल्या ग्रंथात मुक्तादचे वर्णन केले आहे. ओळीने मांडलेली फुलपात्रे आणि अन्न असलेले हे मेज पाहताना भोजनमेजाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फक्त येथे पाहुणे अदृश्य असतात.

दुसरे मेज जिवंतांचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील सधन पारशी घरांत खुर्ची-मेज रूढ झाले व तेथून ते किनाऱ्यावरील गावांत पसरले. तरी हा स्वीकार सरसकट नव्हता. लग्न-नवजोतच्या भोजनात पारशी पाहुणे लांब मेजांशी बसत, पण मेजावर पसरलेले असे केळीचे पान. उंबरठ्यावर चुन्याच्या भुकटीचा चोक आणि दारावर फुलांचे तोरण हेही कायम राहिले. पारशांचा चोक आणि वारल्यांचा चौक हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत, ही गोष्ट या दोन समाजांच्या अभ्यासकांनी फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द व केरमान या भागांतून आलेल्या इराणी जरथुस्त्री कुटुंबांपैकी काही डहाणू, घोलवड, बोर्डी येथे स्थायिक झाली. त्यांनी चिकूच्या बागा वाढविल्या. या कुटुंबांनी नवरोजचा सुफरा आणला. मुळात जमिनीवर अंथरावयाचे हे वस्त्र येथे मेजावर आले. २१ मार्चच्या सुमारास त्यावर आरसा, अंकुरित गहू, गुलाबपाणी, नाणी आणि फुले मांडली जातात. म्हणजे फुलदाणीचे मेज या परिसरात केवळ साहेबाच्या बंगल्यातून आले असे म्हणता येत नाही. मुक्तादच्या मेजावर फुलांची सवय आधीच होती, आणि नवरोजच्या सुफऱ्याने तीत भर घातली.

फुलांना मध्यभाग कसा मिळाला

तथापि रोजच्या भोजनात फुलांना मेजाचा मध्यभाग मिळाला तो युरोपीय प्रथेतून, आणि त्यामागील कारण फुलांशी संबंधित नाही. अठराव्या शतकातील फ्रेंच पद्धतीत सर्व पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात. मेज अन्नानेच भरून जाई. एकोणिसाव्या शतकात रशियन म्हणून ओळखली जाणारी पद्धत रूढ झाली. तीत पदार्थ एकामागून एक, नोकराने बाजूने आणून वाढावयाचे. परिणामी मेजाचा मध्य रिकामा पडला आणि ती पोकळी फुलांनी व फळांनी भरली. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १८६१ मध्ये मेज-सजावटीची स्पर्धा घेतली. तीत टॉमस मार्च यांच्या काचेच्या उंच दांड्याच्या फुलपात्रास पहिले पारितोषिक मिळाले. या पात्रात खाली एक पसरट थाळी व वर एक लहान थाळी असे. फुले नजरेच्या वर किंवा खाली राहावीत, समोरच्याचा चेहरा झाकला जाऊ नये, हे त्यामागील तत्त्व होते. पुढे एकेका फुलाच्या लहान फुलदाण्या लोकप्रिय झाल्या, त्याही याच कारणाने.

या तपशिलाचे महत्त्व असे की मेजाच्या मध्यावरील फुलदाणी ही सेवकवर्ग गृहीत धरते. अन्न मेजावर नाही, म्हणजे ते आणणारे हात आहेत. फुले ताजी आहेत, म्हणजे बाग राखणारे, पाणी वाहणारे, पहाटे फुले तोडणारे हात आहेत. हिंदुस्थानातील इंग्रज गृहिणींसाठी फ्लोरा ॲनी स्टील व ग्रेस गार्डिनर यांनी लिहिलेल्या, १८८८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात नोकरांच्या कर्तव्यांना मोठी जागा दिलेली आहे, हे या दृष्टीने स्वाभाविकच होय. सजावटीचा इतिहास येथे श्रमाच्या इतिहासास येऊन मिळतो.

पाणी कोणी भरले?

डहाणू-तलासरीत हे हात बव्हंशी वारल्यांचे होते. जमीनदार अनेक समाजांचे होते. त्यांत सवर्ण हिंदू, पारशी, इराणी, मुसलमान असे सर्वच होते, व शोषणाचे खापर एकाच समाजावर फोडणे अन्यायाचे ठरेल. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सायमिंग्टन यांनी मुंबई सरकारला सादर केलेल्या अहवालात, आणि के. जे. सावे यांच्या १९४५ च्या वारलींवरील ग्रंथात या परिस्थितीची नोंद आहे. लग्नासाठी काढलेल्या अल्प कर्जापोटी वारली तरुण जमीनदाराचा लग्नगडी होई. त्याच्याबरोबर त्याची पत्नीही मालकाच्या घरी व शेतावर राबे. लग्नाच्या भिंतीवर पालघट लिहिला जात असे, आणि त्याच लग्नाच्या कर्जात ते जोडपे गहाण पडत असे.

वेठीचे स्वरूप केवळ शेतीपुरते नव्हते. लाकूडफाटा, पाणी, गुरे, गवत, घराची डागडुजी ही सर्व कामे तीत येत. बंगल्याचा व्हरांडा, बाग आणि भोजनगृह यांची टापटीप हा या अदृश्य श्रमाचाच दृश्य भाग होता असे म्हणावे लागते.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठ व लग्नगडी पद्धत मोडून काढण्याची हाक दिली. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला व जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाविद्यालयांत तो चळवळीचा दस्तऐवज म्हणून शिकवला जातो. घरगुती श्रमाचा दस्तऐवज म्हणून त्याचे वाचन व्हावयास हवे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वेठ संपल्यानंतर मजुरी द्यावी लागली, घरगडी कमी झाले, आणि कुळकायद्यानंतर अनेक मोठ्या घरांची व्यवस्था आटोपशीर झाली. अन्न पुन्हा मेजाच्या मध्यावर आले. आजच्या बहुतेक घरांतील फुलदाणी आमटीच्या पातेल्याला जागा देऊन कडेला सरकलेली असते.

त्याच १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी अंगणवाडीचा प्रयोग केला. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी पाने, फुले, बिया, शंख-शिंपले ही सभोवतालची वस्तू साधन म्हणून वापरणे हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. वारली मुलाच्या हाती आलेले फूल तेथे मालकाच्या बागेतले नव्हते, मोजण्यासाठी व रंग ओळखण्यासाठी होते.

मेजावरचा वारली

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८) यांना २०११ मध्ये पद्मश्री देण्यात आली. सवासिणींची ही विधिकला याच काळात पुरुषांचीही व्यावसायिक कला झाली, ही गोष्ट गौरवाच्या भाषणांत बहुधा निसटते. कागदानंतर कापड आले, नंतर मातीची भांडी, चहाच्या किटल्या, मेजावरील आसने, आणि अर्थातच फुलदाण्या. गेरूच्या रंगाच्या लहान फुलदाणीवर फेर धरलेली तारपा नर्तकांची रांग आज मुंबई-पुण्याच्या अनेक भोजनमेजांवर दिसते. चौकाचा विधी मागे राहिला, त्यातील आकृती भांड्यावर आल्या, आणि मधला घट वगळला गेला. वास्तविक फुलदाणीवर रेखाटण्यास पालघटाइतका समर्पक विषय दुसरा नाही. परंतु ती लग्नाची देवी असून सवासिणीच्या हातून लिहिली जाते व धवलेरी गाणे म्हणून तिला बोलावते. तिला विकावयाच्या भांड्यावर घेण्यास काही वारली कुटुंबे कचरत असतील, तर तो संकोच समजून घेण्यासारखा आहे.

बोर्डी-घोलवडच्या वाड्यांत आता पर्यटकांची निवासव्यवस्था असते. पाहुण्यांच्या मेजावर बागेतील फुले, चिकूचे पदार्थ आणि वारली नक्षीचे पात्र एकत्र मांडलेले आढळते. वारली चित्रकलेस २०१४ मध्ये आणि डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. बागाईत आणि भिंत, दोहोंना कायद्याने स्वतंत्र नाव दिले आहे. एकाच मेजावर ती शेजारी-शेजारी येतात, तेव्हा फुलदाणीत पाणी घालणारी बाई बहुधा जवळच्या पाड्यावरून कामाला आलेली असते. तिला मजुरी मिळते, आणि संध्याकाळी ती आपल्या घरी जाते.