घोडा, चाप आणि कावा
बंदुकीचा घोडा ओढला की बार उडतो. त्याच कळीला चापही म्हणतात, आणि संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. खुद्द ‘बंदूक’ अरबी ‘बुंदुक’वरून आली, त्याचा अर्थ कठीण कवचाचे छोटे फळ, पुढे तशीच गोळी. हत्यार नवे, नावे जुनीच. फसवणुकीचे शब्दही याच वाटेने आले असावेत. ‘कावा’ म्हणजे मूळ फारसीत घोड्याला गोल फिरवणे. रिंगणातला घोडा कुठून बाहेर पडेल हे समोरच्याला उमगत नाही, म्हणून कावा म्हणजे डाव.

यावर कुणी म्हणेल, मराठ्यांचा गनिमी कावा तर डोंगरातला; भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत, तोरण्याच्या चढणीवर घोडा फिरवायला जागा कुठे? राजगडाच्या संजीवनी माचीवर दुहेरी तटांमधून माणूसच जेमतेम जातो. आक्षेप रास्त आहे. पण शब्द इथे जन्मला असा दावाच नाही. तो रिकिबीवरून आला आणि पायउतार होऊन गड चढला. ‘गनिमी’ हे विशेषणही परक्याचेच: मोगल मराठ्यांना गनीम, म्हणजे शत्रू, म्हणत. आता जमिनीचा दलालही कावेबाज ठरतो, तोही घोड्याविना. ‘गंडा घालणे’ मात्र वेगळ्या कुळातले दिसते. गंडा म्हणजे मांत्रिकाचा मंतरलेला दोरा.