आतडे, पोलाद आणि नायलॉन : गिटारच्या तारेची कुळकथा

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत गिटारच्या तारांवर बोलावे, हे पत्रिकेत वाचून काही श्रोत्यांच्या भुवया वर गेल्या असतील. त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही नववीत शाळा सोडली आणि संगीताचे शिक्षण तर कधी झालेच नाही. या विषयातले जे काही आम्हांला कळते, ते सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांतून, कारागिरांच्या दुकानाच्या पायरीवर बसून आणि हातून झालेल्या एका चुकीतून कळलेले आहे. त्या चुकीची हकीकत आधी सांगतो.

1996 साल. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याला टाळे लागून दीड महिना झाला होता. रोज सकाळी गेट-मीटिंग होत असे. आमच्यात वसईकडचा एक तरुण फिटर होता. त्याच्याकडे वडिलांची गिटार होती. वडील बोटीवर खलाशी होते, त्यांनी कुठल्याशा बंदरातून ती आणली होती. मुलगा त्या गिटारीवर गाणी बसवी आणि माणसे पुन्हा गेटवर जमत. अडचण एकच होती. हमरस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात ती मऊ वाजणारी गिटार चौथ्या रांगेपलीकडे ऐकू जात नसे. आम्ही तेव्हा पंचविशीत, उत्साह भरपूर. मुंबईतल्या एका दुकानात जाऊन 'जोरात वाजतील अशा तारा द्या' म्हणालो. गिटार कोणती, हे दुकानदाराने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. पोलादी तारांचा जाड संच घेऊन आलो, तो रात्री चढवला, स्वरात आणला आणि गिटार भिंतीला टेकवून झोपलो. पहाटे बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. पाहतो तो घोडी तबलीवरून उखडलेली, तबलीच्या लाकडाचा तळहाताएवढा पापुद्रा तिच्याबरोबर वर आलेला. त्या दिवशीची सभा टुणटुण्यावर झाली. पोरगा आम्हांला एक शब्द बोलला नाही, आणि तेच फार लागले.

ती घोडी उपटणारे बळ आले कोठून? मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने 1636 साली तारेचा हिशेब मांडून ठेवला आहे. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि वजन. लांबी गिटार बनवणाऱ्याने ठरवून टाकलेली असते, बहुधा पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास. स्वरही ठरलेला. म्हणजे तार जड घेतली की ताण वाढवल्याखेरीज गत्यंतर नाही. पहिली तार इंचाच्या दहा सहस्रांशांऐवजी बारा सहस्रांश जाडीची लावली, तर फरक केसाएवढाही दिसत नाही. पण त्याच स्वरासाठी तिचा ताण 44 टक्क्यांनी वाढतो. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण चाळीस किलोच्या आसपास असतो. पोलादाच्या नेहमीच्या 'बारा नंबर' संचाचा ताण पंचाहत्तर किलोच्या घरात जातो. आम्ही चढवला होता तेरा नंबर. नायलॉनसाठी बांधलेल्या पातळ तबलीवर आम्ही रात्रभर एक धट्टाकट्टा माणूस लटकावून ठेवला होता म्हणा ना !

आता मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गिटारला आजच्यासारख्या सहा एकेरी तारा आल्या, तेव्हा वरच्या तीन आतड्याच्या असत आणि खालच्या तीन रेशमाच्या धाग्यांवर रुपेरी तांब्याची तार गुंडाळलेल्या. इंग्रजीत त्या आतड्याला मांजराचे नाव का पडले कोण जाणे. आतडे असे मेंढीचे. ते ताजे असतानाच धुवायचे, क्षारात भिजवायचे, खरवडायचे, त्याचे धागे एकत्र पिळायचे, ताणून वाळवायचे आणि घासून गुळगुळीत करायचे. घाण वासाचे, हात सोलणारे काम. इटलीच्या अब्रुझी भागात साल्ले नावाचे डोंगरी खेडे आहे. मेंढपाळांच्या त्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा चाले. त्याच गावच्या दाद्दारियो घराण्यातली माणसे 1905 साली अमेरिकेत न्यूयॉर्कला गेली, आणि त्यांच्या नावाच्या तारा आज मुंबईच्या दुकानातही टांगलेल्या दिसतात. मैफलीतल्या वादकाला आतड्याचा नाद गोड लागे, पण पहिली तार भर कार्यक्रमात तुटे, दमट हवेत स्वर उतरे, आणि किंमत गरिबाला न परवडणारी.

गिटार बांधणाऱ्यांच्या इतिहासातही एक गोष्ट आहे, ती आम्हांला विशेष जवळची वाटते. जर्मनीत सॅक्सनीमधल्या मार्कनॉयकिर्शन गावात व्हायोलिन बनवणाऱ्यांचा संघ आणि सुतारांचा संघ यांच्यात 1826 पासून तंटा लागला. व्हायोलिनवाले म्हणत, गिटार हे वाद्य आहे, सुतारांनी ते बनवू नये. निकाल सुतारांच्या बाजूने लागला. तथापि त्या संघातला क्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन हा कारागीर त्या वातावरणाला विटून 1833 साली न्यूयॉर्कला निघून गेला. पुढे त्याने पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी कारखाना थाटला. 1840 च्या दशकात त्याच्या गिटारींच्या तबलीखाली फुलीच्या आकाराच्या आधारपट्ट्या दिसू लागल्या. तेव्हा तारा आतड्याच्याच होत्या, म्हणजे एवढ्या बळकटीची निकड नव्हती. पण ऐंशी वर्षांनी पोलादाचा ताण आला, तेव्हा ती फुलीच कामी आली. (याच नाझरेथच्या कारखान्यात 1977 साली कामगारांचा मोठा संप झाला. गिटारवरच्या देखण्या पुस्तकांत त्याला एखादी ओळ मिळते, कित्येकांत तीही नाही.)

पोलाद गिटारवर कोणी आणले? एका माणसाचे नाव घेता येत नाही, आणि आमच्या मते तेच त्याचे मर्म आहे. पियानोसाठी उत्तम पोलादी तार एकोणिसाव्या शतकात युरोपात बनू लागली होती. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत टपालाने माल पाठवणाऱ्या पेढ्यांच्या सूचिपत्रांतून स्वस्त गिटारी खेडोपाडी पोचल्या. पोलादी तार आतड्यापेक्षा स्वस्त, टिकाऊ आणि दणदणीत. स्वस्त गिटारीची घोडी तो ताण सोसेना, म्हणून कारागिरांनी बुडाशी लोखंडी पट्टी ठोकून तारा तिला अडकवल्या. मग कापूस वेचणारे निग्रो मजूर, खाणकामगार, लाकूडतोडे यांच्या हाती पोलाद आले. ध्वनिवर्धक नव्हता, उघड्यावर नाचगाण्यात वाजवायचे तर आवाज हवा, आणि आवाज पोलादातच होता.

दुसरी वाट हवाई बेटांतून आली. जोसेफ केकुकू हा तिथला मुलगा 1890 च्या सुमारास तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजवू लागला. ही चाल धातूच्या तारेवरच खुलते. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाई वादकांनी लोकांना वेड लावले आणि गिटारींची मागणी एकदम चढली. नाझरेथच्या कारखान्याने खास पोलादासाठी बांधलेला नेहमीचा नमुना 1922 साली काढला, आणि दशक संपेतो तिथे पोलाद हाच शिरस्ता झाला. मजुराने आधी तार बदलली, कारखानदाराने मागाहून लाकूड बदलले, असा हा क्रम आहे.

हवाई गिटारीचे आमच्याकडेही नाते जुळले. तौ मो यांचे कुटुंब 1940 च्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवीत होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ती गिटार रुळली. आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह 1967 साली निघालेली त्यांची ध्वनिमुद्रिका अनेक घरांत अजून जपलेली असेल.

वाजवण्याची ढब आणि तार यांचे लग्न कसे लावावे, हे पुस्तकापेक्षा त्या काळच्या वादकांकडे पाहून समजते. व्हर्जिनियाच्या डोंगरातली मेबेल कार्टर 1927 साली प्रथम ध्वनिमुद्रित झाली. ती अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल वाजवी आणि बोटाने वरच्या तारांवर ठेका धरी. अशा वादकाला खर्ज स्पष्ट बोलणारा हवा, म्हणून बारा नंबर बरा. लेडबेली हा तुरुंग भोगलेला काळा गायक बारा तारांची गिटार दोन-अडीच स्वर खाली उतरवून वाजवी. स्वर उतरवला की ताण उतरतो आणि साधी तार ढिली पडून पडद्यावर खडखडते, म्हणून त्याला जाड तारा लागत. 1940 च्या दशकात वुडी गथ्री संपकऱ्यांच्या सभांतून गिटार झोडपीत असे. नखीने सर्व तारांवर सपासप हात मारणाऱ्याला बारा किंवा तेरा नंबर पाहिजे, पातळ तार त्या माराखाली स्वर सोडते. उलट बोटांनी हळुवार छेडणाऱ्याला, लहान अंगाची किंवा जुनी गिटार असणाऱ्याला आणि नवशिक्याला दहा किंवा अकरा नंबर. नवशिक्याने तेरा नंबर घेऊन बोटे रक्तबंबाळ करण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. रेशमाचा पदर घातलेली पोलादी तारही मिळते; तिचा ताण कमी, आवाज मवाळ, आणि सांधे दुखणाऱ्या उतारवयातल्या बोटांना ती सोसते.

खर्जाच्या तारांवरच्या वेटोळ्याचा धातूही पाहावा. '80/20 ब्राँझ' म्हणून जे विकतात ते तांबे आणि जस्त, म्हणजे आपले पितळच ! व्यापाऱ्याने त्याला ब्राँझ का म्हटले, हे आपल्या घरातल्या तांब्या-भांड्यांना विचारावे. त्याचा नाद पहिल्या दिवशी लखलखीत असतो, पण मुंबईच्या दमट हवेत आणि घामट बोटांखाली तो लवकर मरतो. 1974 साली दाद्दारियोंनी फॉस्फर ब्राँझ आणले, तांबे आणि कथील यांचे. त्याचा आवाज थोडा उबदार आणि जास्त दिवस टिकणारा. 1990 च्या दशकात प्लास्टिकचे सूक्ष्म आवरण असलेल्या तारा आल्या. त्या महाग खऱ्या, परंतु कोकणपट्टीत राहणाऱ्याला हिशेबात स्वस्त पडतात.

राहिले नायलॉन. वॉलेस कॅरोदर्स यांनी 1935 साली ते प्रयोगशाळेत बनवले, आणि दात घासायचे ब्रश, बायकांचे पायमोजे अशा वाटेने ते बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात आतडे जखमा शिवण्यासाठी शस्त्रवैद्यांकडे गेले आणि वादकांना तारा मिळेनाशा झाल्या. न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट ऑगस्टिन या कारागिराने नायलॉनचा धागा गिटारला लावून पाहिला. थोर स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी तो आपल्या हाताने पारखला, आणि 1940 चे दशक संपण्याच्या आत त्या तारा विक्रीला आल्या. हजारो वर्षांचा आतड्याचा धंदा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक आटला. साल्लेसारख्या गावांतल्या किती हातांचे काम त्यात गेले, हा प्रश्न संगीताच्या इतिहासात कोणी विचारीत नाही. आम्ही ज्या धंद्यात आहोत, त्यात तो विचारल्यावाचून राहवत नाही.

असो. तेव्हा नायलॉनची गिटार ही वेगळी चीज आहे. दांडी रुंद, डोक्याला खाचा, घोडीत तार गाठ मारून बांधलेली, ही तिची ओळख. तिला नायलॉनच लावावे, पोलाद नव्हे. जोर हवा असेल तर जास्त ताणाचे नायलॉन मिळते. झपाट्याने आघात करणारे वादक ते घेतात.

हे सर्व आम्हांला शिकवले कोणी? टाळेबंदी उठल्यावर ती फुटकी गिटार पोत्यात गुंडाळून आम्ही मिरजेला गेलो. तिथल्या शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा तलवारींना पाणी देण्याचा. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा ती माणसे तंबोरे आणि सतारी बनवू लागली. एका म्हाताऱ्या कारागिराने तबलीवर बोट वाजवून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्याच्या तारा पांढरी पाचच्या जनानीला लावाल काय? मग हिला का लावल्या?" आम्ही मान खाली घातली. त्यांनी गिटारचे काम कधी केले नव्हते, तरी तीन आठवड्यांत पापुद्रा बसवला, आतून पट्टी दिली, घोडी नव्याने चिकटवली. मजुरी सांगितली ती लाकडाच्या किमतीहून फारशी जास्त नव्हती. युनियनच्या खात्यातून ती घ्यावी असे कमिटीचे मत पडले. आम्ही आमच्या खिशातून दिली.

गिटार परत केली, तेव्हा त्या फिटरने पहिल्यांदा तबली उजेडात तिरपी धरून सांधा पाहिला. मग खिशातून नायलॉनच्या तारांचे पाकीट काढले आणि आमच्यासमोरच एकेक तार बांधायला बसला. चौथी तार बांधताना म्हणाला, "दादा, धरा जरा इथं." आम्ही तारेचे टोक धरले आणि त्याने खुंटी पिळली.