जावास्क्रिप्टमध्ये नवं फीचर घ्यायचं की नाही, हे कोण ठरवतं?

रेल्वेचं तिकीट काढा, बँकेची वेबसाइट उघडा किंवा ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघा. पडद्यामागे बहुतेक वेळा जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंग भाषा काम करत असते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत असताना अवघ्या १० दिवसांत तिचा पहिला नमुना तयार केला. आज या भाषेत एखादा लहानसा बदल करायचा असेल, तरी अनेकदा काही वर्षं जातात. असं का?

मानक कशासाठी लागतं?

क्रोम गुगलचा, सफारी अ‍ॅपलचा, फायरफॉक्स मोझिलाचा. प्रत्येकाने भाषेचा आपापला अर्थ लावला, तर एकच वेबसाइट एका ब्राउझरमध्ये चालेल आणि दुसऱ्यात बंद पडेल. म्हणून भाषेचे नियम एका दस्तऐवजात लिहिलेले असतात. त्याचं नाव एक्मा-२६२. पहिली आवृत्ती १९९७ मध्ये आली. जिनिव्हातल्या एक्मा इंटरनॅशनल या संस्थेची टीसी-३९ ही समिती हे काम बघते. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांसोबत इतर कंपन्या आणि संस्थांचे प्रतिनिधीही तिच्यात असतात.

पायऱ्या कोणत्या?

प्रस्ताव शून्याव्या टप्प्यापासून चौथ्यापर्यंत जातो. आधी ती फक्त कल्पना असते. पहिल्या टप्प्यात समिती मान्य करते की अडचण खरी आहे आणि तिच्यावर वेळ घालवायला हरकत नाही. दुसऱ्या टप्प्यात नियमांचा मसुदा होतो. मग चाचण्या लिहिल्या जातात. तिसऱ्या टप्प्यात ब्राउझर ते फीचर प्रत्यक्ष बनवू लागतात. किमान दोन ठिकाणी ते चाचण्यांसह नीट चाललं, की चौथा टप्पा, म्हणजे पक्का प्रवेश.

निर्णय बहुमताने होत नाही, सहमतीने होतो. एका सदस्याचा ठाम आक्षेप असला, तरी प्रस्ताव अडतो. ही पद्धत संथ वाटते, पण तिच्यामागे जुना अनुभव आहे. चौथ्या आवृत्तीत भाषा खूप बदलायचं ठरलं होतं. त्यावर सदस्यांमध्ये इतके मतभेद झाले की २००८ मध्ये ती आवृत्ती सोडूनच द्यावी लागली. तिसरी आवृत्ती १९९९ ची, त्यानंतर थेट पाचवी आली ती २००९ मध्ये. २०१५ पासून मात्र दरवर्षी नवी आवृत्ती निघते. जे तयार आहे ते घ्यायचं, बाकीचं पुढच्या वर्षी.

एका नावाचा घोळ

समजा, एका यादीच्या आत आणखी छोट्या याद्या आहेत. त्या सगळ्या उलगडून एकच सलग यादी करायची. या कामासाठी ‘फ्लॅटन’ नावाचं फीचर सुचवलं गेलं. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते आलं आणि २०१८ मध्ये लक्षात आलं की त्यामुळे एक वेबसाइट बिघडतेय.

कारण होतं मूटूल्स. ही एकेकाळी लोकप्रिय असलेली कोडची लायब्ररी. तिने ‘फ्लॅटन’ हेच नाव आधीपासून वापरलं होतं. आपली सगळी फंक्शन्स एकेक करून ती दुसरीकडे उतरवून घ्यायची. ब्राउझरची स्वतःची फंक्शन्स मात्र अशा मोजणीत दिसत नाहीत. त्यामुळे ब्राउझरने ते नाव घेतल्यावर मूटूल्सचं फंक्शनही मोजणीतून सुटलं.

मग चर्चा पेटली. काहींचं म्हणणं, जुन्या वेबसाइटसाठी नवी भाषा का अडवायची? त्यांनी आपला कोड दुरुस्त करावा. दुसरी बाजू अशी की अशा कितीतरी वेबसाइट आता कुणीच सांभाळत नाही. त्या बनवणारा कधीच दुसरीकडे गेलेला असतो. त्या बंद पडल्या, तर फटका बसतो तो वापरणाऱ्याला, आणि त्याचा यात काहीच दोष नसतो. ‘स्मूश’ असं नाव ठेवावं, अशी गमतीत सूचनाही झाली आणि ती बरीच गाजली. शेवटी समितीने ‘फ्लॅट’ हे नाव घेतलं. २०१९ च्या आवृत्तीत ते दाखल झालं.

नकाराचं महत्त्व

वेबवर एकदा आलेलं फीचर परत काढणं जवळपास अशक्य असतं. ‘नल’ म्हणजे ‘काहीच नाही’. पण तिचा प्रकार विचारला की जावास्क्रिप्ट आजही ‘ऑब्जेक्ट’ असं उत्तर देते. ही सुरुवातीच्या काळातली चूक. ती सुधारण्याचा प्रस्तावही आला होता, पण या उत्तरावर विसंबलेला कोड मोडेल म्हणून तो मागे पडला.

म्हणून समितीपुढे ‘हे उपयोगी आहे का’ एवढाच प्रश्न नसतो. लायब्ररी वापरून हेच काम भागतं का? शिकणाऱ्याच्या डोक्यावरचा भार किती वाढेल? आणि मुख्य म्हणजे, पुढची वीस-तीस वर्षं हे सांभाळायची तयारी आहे का? या प्रश्नांना पटणारी उत्तरं मिळाली नाहीत, तर चांगली कल्पनाही थांबते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी बनलेली एखादी साधी वेबसाइट आजच्या फोनवर निमूटपणे उघडते, त्यामागे असे कितीतरी नकार असतात.