डिक्कीत सबवूफर बसवताय? आधी फ्यूज बघा

सबवूफरच्या खोक्यावर २००० वॅट छापलेलं असतं. तो आकडा सोडून द्यायचा, 'आरएमएस' किती ते बघायचं. ५०० वॅट आरएमएसचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात ५० अँपिअरच्या आसपास करंट खेचतो. घरातल्या फिटिंगची वायर इथे चालत नाही. ४ गेजची तांब्याची वायर लागते.

ही वायर थेट बॅटरीवरून येते. तिला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. 'ॲम्पला फ्यूज आहे की,' असं काही फिटर म्हणतात. पण तो ॲम्पला वाचवतो, वायरला नाही. बोनेटपासून डिक्कीपर्यंत वायर कुठे पत्र्याला घासून सोलली, तर शॉर्ट होऊन गाडी पेटू शकते. म्हणून पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट घालावं आणि फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा टाकू नये. अर्थिंग डिक्कीजवळच्या पत्र्याला, रंग खरवडून, जवळात जवळ. काम सुरू करताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावं.

४ ओहमचे दोन सबवूफर पॅरलल जोडले की २ ओहम होतात, सिरीजमध्ये ८. ॲम्प २ ओहमला चालत नसेल तर पॅरलल जोडू नका, तापून जळेल.

डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर हा नाद सोडलेलाच बरा.

आणि लग्नात इंजिन बंद ठेवून जोरात वाजवलं तर छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी लवकर उतरते. मग धक्का मारायला वऱ्हाडच बोलवावं लागतं.