जुन्या गोमंतकातील घर, वांगड आणि गांव

देवाच्या उत्सवात पालखीला खांदा प्रथम कोणी द्यावा, प्रसाद आधी कोणाच्या ओंजळीत पडावा, यावरून होणारे वाद गोमंतकात नवे नाहीत. त्रयस्थाला हा केवळ मानापमानाचा प्रकार वाटतो. परंतु या मानांचा माग काढीत मागे गेल्यास तो देवळाच्या सभामंडपात संपत नाही. तो शेताच्या बांधापर्यंत जाऊन पोहोचतो. ज्यांच्या पूर्वजांनी रान तोडले, खाडीचे पाणी अडविले आणि ओसाड भूमी लागवडीखाली आणली, त्यांच्या वंशाला पहिला विडा मिळे. मान हा कष्टाचा आणि पत्करलेल्या जबाबदारीचा दर्शक होता. जुन्या हिंदु समाजातील कुटुंब आणि गांव यांचे नाते समजून घेण्यास हे सूत्र पुरेसे आहे.

या व्यवस्थेचे सर्वांत तपशीलवार वर्णन एका परकीय अधिकाऱ्याच्या दप्तरात सापडते, हा इतिहासाचा एक योगायोगच म्हणावा लागेल. पोर्तुगीजांचा महसूल अधिकारी अफोंसु मेशिया याने १५२६ साली तिसवाडी बेटावरील गांवांचे रीतिरिवाज लेखनिविष्ट करविले. ‘फोराल’ या नावाने तो दस्तऐवज प्रसिद्ध आहे. साऱ्याची वसुली बिनतक्रार व्हावी एवढाच त्यामागील हेतु होता. परंतु त्या निमित्ताने एका प्राचीन समाजरचनेचे चित्र टिकून राहिले. पूर्वी चार माणसे एका ओसाड भूमीवर आली, त्यांनी ती कसून सुपीक केली, तेथे वस्ती वाढली आणि पुढे राजेरजवाडे येऊन त्यांनी कर बसविला, अशी गांवाच्या उत्पत्तीची हकीकत त्यात दिली आहे. राजा मागाहून आला, गांव आधी होता, हाच या हकीकतीचा गाभा होय.

या मूळ वसाहतकारांचे वंशज ते गांवकर, आणि त्यांच्या कुळांचे समूह ते वांगड. जमीन एका माणसाची नव्हती. ती गांवकरीची होती, आणि गांवकरीत व्यक्तीला जे स्थान होते ते तिच्या वांगडामुळे. घरात भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी गांवाच्या लेखी वांगड एकच राही. बैठकीत निर्णय बहुमताने होत नसे. एखाद्या वांगडाने ‘नाका’ म्हटले की ठराव तेथेच थांबे. सर्वांना पटेपर्यंत बोलत राहणे भाग पडे. झालेला निर्णय गांवचा कुलकर्णी लिहून ठेवी. खर्चवेच वजा जाता जे उरे, ते ‘जोण’ म्हणून वाटले जाई, आणि तूट आली तर तीही सर्वांनी मिळून भरावयाची असे. हक्क आणि देणे यांची फारकत झालेली नव्हती.

अशी एकजूट केवळ सद्भावनेने टिकत नाही. तिला भूमीचीच सक्ती होती. मांडवी आणि जुवारी यांच्या काठची खाजन शेती समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली आहे. बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवावे लागते. बांधात बसविलेल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले तर नुकसान त्या एका शेताचे होत नाही. खारे पाणी साऱ्या खाजनात पसरते, आणि पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत कोरगुटासारखे क्षार सोसणारे भातही नीट पिकत नाही. म्हणून बांध फुटल्याची हाक आली की भाऊबंदकीतले भांडण बाजूला ठेवून प्रत्येक घरातून माणूस बाहेर पडे.

गांवाचे हेच वळण घरात दिसे. राजांगणाभोवती नांदणाऱ्या एकत्र कुटुंबात कर्ता पुरुष हा मालक नसून राखणदार होता. कोठारातील भात, कुळागरातील नारळ-सुपारी आणि देवखोलीतील कुलदैवत ही सर्वांची ठेव होती. वर्षाचे पहिले कणीसदेखील कोणी आपल्या मर्जीने कापीत नसे. फोरालप्रमाणे कापणीचा आरंभ मुख्य गांवकराच्या शेतातून होई, आणि तिसवाडी बेटात तो पहिला मान ताळगांवचा असे. आजही ताळगांवचे ख्रिस्ती गांवकर २१ ऑगस्टला नव्या कणसांचा सण साजरा करतात, आणि हिंदूंच्या घरी चतुर्थीच्या दिवसांत नवी कणसे देवापुढे येतात. धर्म पालटला तरी कणसाचा मान पालटला नाही.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुतार, लोहार, परीट, देवळातील सेवेकरी यांना गांवाने करमुक्त जमीन तोडून दिलेली असे. त्यामुळे त्यांची भाकरी निश्चित होती, पण बैठकीत त्यांना शब्द नव्हता. वारसा पुत्रांकडे जाई, कन्येकडे जात नसे. पौषातील धालोचा मांड हा स्त्रियांचा होता, तेथे त्यांचे राज्य चाले; गांवकरीच्या बैठकीत मात्र त्यांना जागा नव्हती.

सोळाव्या शतकात या व्यवस्थेवर घाला आला. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास आणि साष्टीतील १५६७ मध्ये पाडण्यात आली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा यांना त्यांच्या भक्तांनी जुवारीपलीकडे अंत्रुज महालात आणले. आधीच नागेशासारखी प्राचीन दैवते असलेल्या या भूमीने त्यांना आसरा दिला. मागे राहिलेल्या गांवकरांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण त्यांची गांवकरी ‘कोमुनिदाद’ या नावाने चालूच राहिली. एकाच संस्थेचे असे दोन तुकडे झाले. जमीन तिकडे राहिली, देव इकडे आला. जे देवाबरोबर निघाले त्यांनी भातशेती गमावली. बरोबर आणले ते फक्त आपले कुळ आणि त्याला लागून आलेली सेवा. नव्या ठिकाणी त्यांनीच देवळे उभारली आणि ते महाजन म्हणून ओळखले जाऊ लागले. महाजनकी ही अशी जमिनीविना उरलेली गांवकरी होय.

पुढे सरकारने या संस्थांना कायद्याच्या चौकटीत बसविले. देवस्थानांसाठी १८८६ चा आणि नंतर १९३३ चा नियम आला, महाजनांच्या याद्या तयार झाल्या, हिशेब तपासले जाऊ लागले. कोमुनिदादींची संहिता १९६१ साली नव्याने निघाली. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्यातील दुरुस्ती यांनी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा धनी केले. शतकानुशतके राबणाऱ्याला न्याय मिळाला. मात्र सामाईक बांधाची जुनी जबाबदारी पूर्वीसारखी कोणाच्याच अंगावर राहिली नाही, आणि अनेक खाजने पडीक झाली.

घरातही तेवढेच मोठे स्थित्यंतर झाले. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने गोव्यात कन्येला पुत्राच्या बरोबरीने वाटा दिला. महाजनांच्या यादीत मात्र बहुतेक ठिकाणी नाव पुरुषवंशानेच लागते. ज्या घराची ती बरोबरीची वारस आहे, त्याच घराच्या कुलदेवतेपुढे तिचे नाव कोठे लिहावयाचे, हा प्रश्न बहुतेक महाजनसभांपुढे अजून तसाच आहे.

फोरालमधील ती चार माणसे एखाद्या यादीत नाव होते म्हणून गांवकर झाली नव्हती. त्यांनी बांध घातला आणि राखला, म्हणून ती गांवकर ठरली. पालखीच्या खांद्यासाठी भांडणाऱ्याने आणि यादीची वही उघडणाऱ्यानेही एवढे स्मरणात ठेवले, तर पूर्वजांनी जुवारी ओलांडताना जे बरोबर आणले ते वाया गेले नाही असे म्हणता येईल.