ठासणीची बंदूक

कोकणात शेत राखायला माळा असायचा नि माळ्यावर ठासणीची बंदूक. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हत्यारांना परवाना लावला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, त्यातही पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय ठेवली.

हिला तयार काडतूस नाही. प्रत्येक बार हाताने भरायचा. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं. मग शिसं, पुन्हा बोळा. शेवटी मागे घोड्याखाली केप. दारू म्हणजे सोरा, कोळसा नि गंधक. शंभरात ७५ भाग सोराच. माप चुकलं तर नळी फुटून भरणाऱ्याचाच हात जायचा.

आमचा आजा म्हणायचा, "सशाला छर्रा, सांबराला गोळी." हलका छर्रा जवळून चालतो, पण लवकर दम सोडतो. सांबराला तो नुसता कातड्यात रुतायचा. जनावर पडायचं नाही, जखम घेऊन रानात शिरायचं नि कुजून मरायचं. असं जनावर सुटलं तर आजा रक्ताचा माग काढत दिवस मोडायचा.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, पुढे सांबर-भेकराची शिकार बंद झाली. ते बरंच झालं. बंदुका परवान्यावर राहिल्या; निवडणूक आली की ठाण्यात जमा करायच्या. आज डुकरं एका रात्रीत भात लोळवतात. राखण करणारी पोरं मुंबईला गेली, माळे मोडले. उरलेले आम्ही म्हातारे पत्र्याचे डबे वाजवत बसतो.