शहाजोग हुंडी ते ईमेल: पैसे आल्याचा निरोप खरा कशावरून?

आज सुरुवात एका ईमेलपासून करू.

डोंबिवलीत आमच्या नात्यातल्या एक वहिनी खणाच्या पिशव्या शिवतात आणि घरबसल्या ऑनलाइन विकतात. दिवाळीच्या आधी त्यांना परदेशातून चौदा पिशव्यांची ऑर्डर आली. पाठोपाठ एका पेमेंट कंपनीच्या नावाने मेल आला. वर कंपनीचा लोगो, मध्ये ऑर्डरचा नंबर आणि रक्कम, खाली बारीक अक्षरांत कायद्याची भाषा. मजकूर असा की गिऱ्हाईकाचे पैसे जमा झाले आहेत, पार्सलचा ट्रॅकिंग नंबर कळवा, म्हणजे ते तुमच्या खात्यात दिसतील. वहिनींनी पार्सल केलं, नंबर कळवला. पैसे कधीच दिसले नाहीत.

वहिनी हिशेबाला पक्क्या आहेत. मेल त्यांनी दोनदा वाचला होता. 'सगळं बरोबर तर होतं', असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आमचं आजचं बोलणं त्या वाक्यापाशीच आहे. निरोप बरोबर दिसतो म्हणून तो खरा मानायचा, ही सवय तशी नवी आहे. पूर्वीच्या व्यापाऱ्याची नव्हती.

कल्याण हे जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत. पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे आली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली, आणि हा सगळा पट्टा मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. त्या बाजारात लांबचा पैसा फिरायचा तो हुंडीवर. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहायचं की अमुक रक्कम द्या. दाखवल्याबरोबर पैसे मिळतात ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी मिळतात ती मुदती. हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत लिहून मिळायची, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर परपेठ.

आता खोटी हुंडी कशी ओळखायची? कागदावर काही बंदोबस्त असायचा. रक्कम आकड्यात, मग अक्षरात, मग तिची निमपट लिहून 'त्याची दुप्पट' असं पुन्हा. शंभराचे हजार करायला निघालेल्याला तीन ठिकाणी हात मारावा लागे. शिवकालीन पत्रांतही हेच दिसतं. मजकूर संपला की खाली मोर्तब उठवायचं, म्हणजे त्यापुढे कोणी ओळ घुसडू नये. म्हणजे दिसण्याला काही महत्त्वच नव्हतं असं नाही. पण अक्षर गिरवता येतं, शिक्का कोरता येतो, हे पेढीवरच्या मुनीमाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून हुंडी लिहिणारी पेढी समोरच्या पेढीला वेगळं पत्रही धाडायची: अमुक रकमेची हुंडी लिहिली आहे, आली की सकारा. हातातल्या कागदाचा मेळ त्या दुसऱ्या वाटेने आलेल्या पत्राशी आणि वहीशी घालायचा.

आणि सगळ्यात पक्की व्यवस्था होती शहाजोग हुंडीची. हिचे पैसे कोणाही उपटसुंभाला द्यायचे नाहीत, बाजारात ज्याची पत आहे अशा 'शहा'लाच द्यायचे. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर तो शहा पैसे परत करायला बांधलेला. म्हणजे कागदाच्या मागे एक माणूस उभा. त्याची पेढी कुठे आहे, वडील कोण, उद्या दाराशी गेलो तर तो सापडेल का, हे सगळं बाजाराला माहीत. या पद्धतीला लेखी कायद्याचा फारसा आधार नव्हता. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यानेही देशी भाषेतल्या हुंड्यांबाबत स्थानिक वहिवाट तशीच राहू दिली.

गंमत शब्दाची बघा. शहाजोग म्हणजे पतवान, भरवशाचा. आज आपण 'फार शहाजोगपणा करू नकोस' म्हणतो तेव्हा अर्थ नेमका उलटा: वरून सज्जनपणाचा आव, आत भलतंच. वहिनींना आलेला मेल आजच्या अर्थाने अगदी शहाजोग होता. जुन्या अर्थाने मात्र त्याच्या मागे कोणीच उभं नव्हतं.

कल्याणच्या शेजारी आणखी एक धागा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. सिंधमधल्या शिकारपूरचे सराफ हुंडीच्या धंद्यात नावाजलेले. त्याच सिंधी समाजाच्या या गावाबद्दल 'मेड इन यूएसए'चा, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा, विनोद आपल्याकडे गाडीत अजून सांगतात. विनोद सोडा, पण शिक्क्यावर किती विश्वास ठेवायचा याचं शिक्षण त्यात आहेच.

हुंडी पेढीवाल्यांची. साध्या माणसासाठी पोस्टाने १८८० साली मनीऑर्डर आणली. मुंबईतल्या चाकरमान्याचे पैसे कोकणातल्या घरी जायचे ते याच वाटेने. इथे घेणाऱ्याला खरं-खोटं ठरवावंच लागत नसे. निरोप पोस्टाच्या एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जायचा आणि पोस्टमन दारात रोकड मोजून द्यायचा. सही किंवा अंगठा घेतलेली पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत. निरोप आणि पैसा एकाच हातातून येत होते. 'मनीऑर्डर आलीय, आधी घरातली घागर द्या, मग पैसे दिसतील', असं कुठला पोस्टमन म्हणाला नाही!

ही जोडी ईमेलने तोडली. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल पाठवण्याचे नियम लिहिले. तेव्हा जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. पाठवणारा स्वतःचं म्हणून जे नाव लिहील ते चालवून घेतलं जाई, पाकिटामागे हवा तो पत्ता लिहावा तसं. या ढिलाईत पुढे पैशाचे निरोप फिरायला लागले. 'फिशिंग' हा शब्द १९९० च्या दशकात अमेरिका ऑनलाइनच्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड पळवणाऱ्यांमध्ये रुळला. २००० साली पेपल अगदी नवी होती, तेव्हाच तिच्या नावाचा बनावट पत्ता निघाला. पेपलच्या इंग्रजी नावात शेवटी एल आहे, भामट्यांनी तिथे आय घातला. मोठ्या लिपीतला आय आणि लहान लिपीतला एल पडद्यावर सारखेच दिसतात. हुंडीवर एकाचा सात करण्यातलाच हा प्रकार.

भारतात २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे नॅसकॉमच्या नावाने मेल पाठवून माहिती उकळल्याचा खटला आला. फिशिंगवर वेगळा कायदा नसतानाही न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणुकीचं कलम ६६ ड आलं ते २००९ मध्ये अमलात.

आणि हे भामटे सगळे सातासमुद्रापलीकडचे, असं समजू नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेच्या आसपास तरुण ताब्यात घेतले. तिथून अमेरिकेत फोन जायचे, 'आम्ही आयकर खात्यातून बोलतोय, दंड भरा, नाहीतर अटक'. घाबरलेली माणसं गिफ्ट कार्डांचे नंबर वाचून दाखवायची. आपल्याच जिल्ह्यातली, नोकरी शोधत आलेली मुलं दुसऱ्या देशाच्या सरकारचा शिक्का आवाजाने उठवत होती. शिक्का किती स्वस्त झाला आहे, ते इथे कळतं.

मेलला शिक्का देण्याचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. पाठवणाऱ्या कंपनीची गुप्त सही मेलसोबत जोडायची पद्धत २००७ च्या सुमारास ठरली. सही जुळली नाही तर मेल नाकारायचा की नाही, हे कंपनीने सांगायची व्यवस्था २०१२ मध्ये आली, आणि तिच्यात पेपलचा पुढाकार होता. जीमेलमध्ये मेलच्या तपशिलात 'साइन्ड बाय' पुढे कोणाचं नाव आहे ते बघता येतं. जरूर बघा. पाठवणाऱ्याचं ठळक नाव नको, पूर्ण पत्ता बघा, आणि ॲट-नंतरचा भाग शेवटाकडून वाचा. 'पेपल डॉट कॉम' लिहून पुढे आणखी काही 'डॉट इन' असेल तर तो पत्ता त्या शेवटच्या मालकाचा, पेपलचा नव्हे.

पण इथेच थांबलात तर फसाल. हल्ली भामटे पेपलवर खरंखुरं खातं उघडतात आणि तिथूनच पैसे मागणारं बिल धाडतात. मेल पेपलनेच पाठवलेला, सही अस्सल, आणि बिलाच्या शेऱ्यात 'तक्रारीसाठी या नंबरवर फोन करा' म्हणून भामट्याचा नंबर. कागद खरा, मजकूर खोटा! मुनीम इथे पुन्हा वहीच उघडता. आपली वही म्हणजे आपण स्वतः पत्ता टाइप करून उघडलेलं खातं. मेलमधल्या बटणावरून उघडलेलं नव्हे. तिथे रक्कम जमा दिसली तर आली, नाही तर नाही. आणखी एक: पेपलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं बंद केलं आहे. तेव्हा नाशिकच्या गिऱ्हाइकाने कल्याणच्या दुकानदाराला पेपलने पैसे पाठवल्याचा मेल आला, तर तो वाचायचीही गरज नाही.

यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि सोंग बदललं. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, फर्निचर घेतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील.' पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही. माणसाने माणसाकडे पैसे मागण्याची विनंती पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, ती अशाच फसवणुकीमुळे. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'बँक डॉट इन' हा राखीव पत्ता घ्यायला लावला, तोही २०२५ मध्येच. हा पत्ता कोणाही उपटसुंभाला मिळत नाही. आम्हाला यात शहाजोग हुंडीची पद्धत परत आलेली दिसते, उशिरा का होईना.

एक फरक मात्र आम्हाला टोचतो. हुंडीत पडताळणीचं काम पेढीचं होतं, मनीऑर्डरीत पोस्टाचं. आज ते रात्री अकरा वाजता, पोळ्या आटपून मोबाईल उघडणाऱ्या वहिनींचं आहे, आणि चुकल्या तर 'लक्ष कसं नव्हतं?' हेही त्यांनाच ऐकावं लागतं. त्यांनी तो प्रकार घरात महिनाभर सांगितलाच नव्हता.

सांगितल्यावर आम्ही १९३० या सरकारी नंबरची आठवण करून दिली. तिथे तातडीने कळवलं तर गेलेला पैसा पुढच्या खात्यांत अडवता येतो. पण वहिनींच्या खात्यातून पैसा गेलाच नव्हता. आला नव्हता, इतकंच. अडवायचं काय? गेल्या होत्या चौदा पिशव्या आणि परदेशी पार्सलचा खर्च. वेबसाइटवर तक्रार नोंदवली, मेल आणि पोस्टाची पावती जोडली. ती पावती त्यांनी अजून ठेवली आहे, शिलाई मशीनच्या खणात.